पॉवरबोटीची जुनी पेट्रोल टाकी काढणं: कामाच्या नोंदी

बोट साडेसहा मीटरची, फायबरची. मध्ये कन्सोल (स्टिअरिंग आणि स्विच असलेला उभा खोका), मागे आउटबोर्ड इंजिन. डेकखाली ३०० लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, बांधणीच्या वेळीच चहूबाजूंनी फोम ओतून जाम केलेली. अशी रिकामी टाकी तीसेक किलोची असते, दोन माणसं हसतखेळत उचलतील. आमचा वेळ खाल्ला तो तिच्याभोवतीच्या फोमने आणि त्या फोमने धरून ठेवलेल्या पाण्याने. हेच काम हाती घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

६ ऑक्टोबर

मागचं झाकण उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, पाण्यावर तवंग दिसतो. म्हणून टाकीच फुटली असं लगेच धरलं नाही. वास येण्याची स्वस्त कारणं आधी संपवायची: भरण्याच्या पाइपाचे क्लॅम्प, हवा जाण्याच्या नळीला गेलेली चीर, सेंडरखालचं (टाकीतली पातळी मोजून गेजला कळवणारा भाग) वाळलेलं गॅस्केट. ही तिन्ही वरच्या छोट्या झाकणातून दिसतात, डेक उघडावा लागत नाही. गॅस्केट कडक झालं होतं खरं, पण आजूबाजूला ओल नव्हती. पाइप आतून तडकलेले, बाहेरून कोरडे.

मग दाबाची चाचणी. सगळ्या नळ्या सोडून तोंडं बुचांनी बंद केली, एका तोंडाला कमी दाबाचं गेज आणि सायकलचा पंप जोडला. नव्या टाक्या साधारण ३ पीएसआयला (चौरस इंचावर ३ पौंड दाब) तपासतात. जुन्या टाकीला आम्ही २ च्या वर नेलं नाही.

कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो, म्हणून हिशेब मांडतो. आमच्या टाकीचा वरचा पत्रा पावणेदोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद आहे. ३ पीएसआय ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या पत्र्यावर तो दाब म्हणजे पावणेतीन टनांचा जोर. कॉम्प्रेसरचा नळ क्षणभर जास्त उघडला तर टाकी फुगून डेकला भिडेल. सायकलच्या पंपाने हात दुखतो, पण टाकी शाबूत राहते.

दुसरी गोष्ट उन्हाची. टाकीतली हवा दहा अंशांनी तापली तर गेज अर्ध्या पीएसआयहून जास्त वर चढतं. दुपारी चाचणी घेतली तर गळती झाकली जाते आणि संध्याकाळी घेतली तर नसलेली दिसते. पहाटे, ऊन यायच्या आत घ्यावी. आमचा काटा डोळ्यांदेखत उतरत होता, त्यामुळे वाद राहिला नाही. गळती खाली कुठेतरी, फोमच्या आत. टाकी काढणं आलं.

८ ऑक्टोबर

पेट्रोल काढलं. बॅटरी आदल्या दिवशीच सोडून बोटीबाहेर नेऊन ठेवली होती. काम संपेपर्यंत ती परत आणायची नाही असं ठरवलं, कारण कन्सोलमधल्या कुठल्या तरी स्विचला कुणाचा तरी हात लागतोच.

हाताने चालवायचा सायफन पंप, धातूचे डबे जमिनीवर, डब्यापासून टाकीपर्यंत अर्थिंगची तार. डबे बोटीत ठेवून भरू नका. प्लास्टिकच्या किंवा गालिचा घातलेल्या पृष्ठभागावर डबा अधांतरी राहतो आणि वाहत्या पेट्रोलमुळे साठलेली स्थिर वीज कुठे जात नाही. शेवटचे आठ-दहा लिटर निघेनात, कारण इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या तळापासून थोडी वर थांबते. सेंडर काढून त्या भोकातून नळी थेट तळाला टेकवली. तळाशी निघालं ते पेट्रोल नव्हतं, गढूळ पाणी. इथेनॉलमिश्रित पेट्रोलात पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर वेगळं होऊन तळाला बसतं. तो थर काचेच्या बरणीत घेतल्यावर दोन रंग स्पष्ट दिसले. म्हणजे टाकीला बाहेरून पाणी लागत होतं, तसंच आतूनही.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता रिकामी झाली. डेक कापायला घेऊया?" नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत वाफ त्याहून दाट असते, म्हणून सहसा पेटत नाही. रिकामी होताना हवा आत जाते आणि मिश्रण नेमकं त्या पट्ट्यात येतं. ३०० लिटरच्या पोकळीत हे घडायला वीस-पंचवीस मिलिलिटर पेट्रोल पुष्कळ झालं. तेवढं पत्र्याच्या सांध्यात तसंच राहतं.

१२ ऑक्टोबर

टाकीत ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, घातला. दोन किलो, सेंडरच्या भोकातून बसतील एवढे तुकडे करून, जाड हातमोजे घालून. एक किलोचा साधारण साडेपाचशे लिटर कार्बन डायऑक्साइड होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळापासून भरत वर येतो आणि हवा-वाफ बाहेर ढकलतो. हवेची नळी उघडी ठेवायलाच हवी. सगळी तोंडं बंद केली तर सहा तारखेच्या हिशेबातला पावणेतीन टनांचा जोर आपोआप तयार होईल.

कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं टाकीत सोडायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मानू नये. त्या झोतातल्या बर्फकणांनी स्थिर वीज तयार होते. ठिणगी टाळायची म्हणून ठिणगीच आत सोडण्यातला प्रकार.

इथे एक फसवणूक होते ती सांगतो. गॅस डिटेक्टर भोकात धरला तर त्याने शून्य दाखवलं. भाऊ खूश. पण आमचा डिटेक्टर साध्या, तापलेल्या मण्याच्या सेन्सरचा आहे. तो वाफ जाळून मोजतो आणि जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत तो शून्यच दाखवणार, वाफ कितीही असो. टाकीच्या आतल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. बाहेर, डेकखालच्या खड्ड्यातल्या हवेचा आकडा मात्र खरा, आणि तो रोज काम सुरू करण्याआधी घ्यायचा. त्याचबरोबर, उतू आलेला कार्बन डायऑक्साइड त्याच खड्ड्यात साठतो, म्हणून खड्ड्यात डोकं घालून एकट्याने काम करायचं नाही. दुसरा माणूस बाहेर, बघत.

खड्ड्यात हवा खेळवायला पंखा जमिनीवर ठेवून लांब नळीने ताजी हवा आत ढकलली. आतली हवा ओढून काढणारा साधा पंखा लावला तर सगळी वाफ त्याच्या मोटरमधून जाते.

१३ ऑक्टोबर

कन्सोल काढला. ज्या डेकच्या तुकड्याखाली टाकी आहे, त्याच्यावरच कन्सोल बसवलेला. वायरींना चिकटपट्टीवर आकडे घालून फोटो काढले. स्टिअरिंग आणि थ्रॉटलच्या केबल सोडून मागे ओढून घेतल्या. कंटाळवाणं काम, सांगण्यासारखं विशेष नाही. जुन्या केबलच्या नळीतून दोन जाड दोऱ्या ओढून ठेवल्या म्हणजे परत घालताना त्रास नाही.

१९ ऑक्टोबर

डेकचं झाकण. स्क्रू निघाले, काही डोकी सोडून. त्यांना मध्ये उलट्या दिशेने कापणाऱ्या बिटाने भोक पाडलं, निम्मे त्यातच फिरून बाहेर आले. पण झाकण हलेना. कुणीतरी मधल्या काळात ते पॉलीयुरेथेनच्या चिकट सीलंटने बसवलं होतं, ३एम ५२०० च्या जातीचं. ते सील नाही, गोंद आहे. ओढून ते सुटत नाही, सुटलं तर जेलकोटचे (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) पापुद्रे घेऊन सुटतं. हीटगनने ते मऊ पडतं, पण पेट्रोलच्या टाकीवर हीटगन हा विषयच नाही.

पातळ पटाशी घालून उचकटायचा प्रयत्न केला. कोपऱ्यावर डेकलाच चीर गेली, तिथे थांबलो. शेवटी जमलं ते असं: गवंडी वापरतात तसली पातळ, लवचिक पोलादी पट्टी घेतली, एक कड कानसेने धारदार केली, साबणाच्या पाण्यात बुडवून सांध्यात आडवी सरकवत नेली. हातभर कापलं की लाकडी पाचर घालायची, म्हणजे कापलेलं पुन्हा चिकटत नाही. पाचरी कमी पडल्या म्हणून नव्या तासल्या. संध्याकाळी झाकण उठलं.

ज्यांच्या बोटीत झाकणच नाही, डेक सलग फायबरचा आहे, त्यांना कापावं लागेल. करवतीची खोली डेकच्या जाडीएवढीच लावायची, कोपरे गोल ठेवायचे (काटकोनी कोपऱ्यातून पुढे तडे जातात), आणि चारही बाजूंनी काठ शिल्लक ठेवायचा म्हणजे तोच तुकडा परत बसवता येतो. आणि हे सगळं टाकीतली आणि खड्ड्यातली वाफ संपवल्यानंतरच.

२० ऑक्टोबर

टाकीचा वरचा पत्रा अगदी चकचकीत. बघून वाटलं, उगाच उघडलं. बोटाने कडेचा फोम दाबला तर पाणी वर आलं.

हा बंद पेशींचा पॉलीयुरेथेन फोम, घनमीटरला ३२ किलो घनतेचा. बंद पेशी म्हणजे पाणी शिरत नाही अशी समजूत. नवा असताना ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण बोट लाटांवर आपटते, फोम आणि पत्रा यांच्यातली पकड सुटते, केसाएवढी फट पडते. पाणी त्या फटीत उतरतं, आणि वर्षानुवर्षं दबून फुटलेल्या पेशींतही.

ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो थर लगेच भरून येतो. ओल्या फोमखाली ऑक्सिजन पोचत नाही, खारं पाणी मात्र बसून राहतं. थर फुटला तिथे भरून येत नाही, बारीक खड्डा पडतो, आणि तो पसरण्याऐवजी खोल जातो. म्हणून उघड्यावर पडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला वर्षानुवर्षं काही होत नाही आणि फोमात गुंडाळलेली टाकी जाते.

कोरडा असता तर आमच्या टाकीभोवतीचा सगळा फोम चारेक किलो भरला असता. काढलेला माल पोत्यांत भरला तर एकेक पोतं उचलायला दोघं लागले.

२१ ऑक्टोबर

फोम कापायची हत्यारं, जी वापरली त्या क्रमाने:

लांब पात्याची बागेची करवत. वरचा वीतभर थर भराभर निघतो. नंतर पातं वाकतं आणि स्ट्रिंगरच्या (बोटीच्या तळाला मजबुती देणारी लांब आडवी तुळई) फायबरमध्ये घुसतं.

चपटी पहार. वाईट. फोम तुटतो, पण टेकू स्ट्रिंगरचाच मिळतो आणि त्याला पोचे पडतात.

लाकडाला भोक पाडायचं लांब बिट, हाताने फिरवायच्या ब्रेसला लावून. एकाला एक लागून उभी भोकं पाडत जायची, मग मधल्या भिंती करवतीने तोडायच्या. बाजूंसाठी हेच खरं काम करणारं. टोकाचे स्क्रूसारखे आटे कानसेने बोथट केले, नाहीतर ते टाकीच्या पत्र्यात शिरतात.

दाबाचं पाणी. फोमचा भुगा सगळीकडे उडतो, आणि ते पेट्रोल-पाणी गोळा करायचं नवं काम मागे लागतं. दहा मिनिटांत बंद केलं.

रसायनाने फोम विरघळवण्याचा विचार केला होता. पॉलीयुरेथेनला खाणारी द्रावणं बोटीच्या पॉलिएस्टर रेझिनलाही सोडत नाहीत. सोडून दिला.

२६ ऑक्टोबर

चारही बाजू मोकळ्या झाल्या, तळापर्यंत. कोपऱ्यांवरचे पत्र्याचे कान स्टेनलेस स्क्रूंनी बांधलेले, तेही सोडवले. प्रत्येक स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आले की जास्त सहज गंजणारा धातू झिजतो, इथे ॲल्युमिनियम.

बोटीवर लोखंडी घोडी उभी केली, चेन पुली टांगली. सेंडरच्या भोकाच्या आत जाड पट्टी, वर जाड पट्टी, मध्ये बोल्ट, तिथे हूक. चेन ओढली, पट्टा ताणला, पुढे बोट ट्रेलरवरून वर यायला लागली. टाकी जागची हलली नाही. मिस्त्री मदतीला आले होते, ते ओरडले, "अहो सोडा, सोडा! टाकी नाही निघायची, तळ निघेल!" वरचा पत्रा भोकाभोवती तंबूसारखा उचलला गेला होता. एकाच जागी ओढायला नको होतं. दोन ठिकाणी धरून आडव्या दांड्याने उचलायला हवं, पण तळाचा फोम सुटल्याशिवाय त्याचाही उपयोग नव्हता.

मग पाण्याचा प्रयोग. टाकीची तोंडं बंद करून खड्ड्यात पाणी भरायचं. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या वर, म्हणजे १२ सेंटिमीटर पाणी चढलं की दीडशे किलोच्या वर उचल मिळते. कागदावर छान. प्रत्यक्षात पाणी चढलं आणि टाकी तशीच. कारण उचल येते ती तळाखाली शिरलेल्या पाण्याच्या दाबाने. तळ फोमला घट्ट चिकटलेला असेल तर पाणी खाली जातच नाही, बाजूला नुसतं उभं राहतं. तासाभरात ते निचऱ्याच्या भोकातून मागच्या बिल्जमध्येही गेलं. तिथून डब्यांत काढलं, तवंगासकट. असलं पाणी बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे या प्रयोगाची किंमत अखेर विल्हेवाटीत मोजली.

२ नोव्हेंबर

तळ कापला. तीन मिलिमीटरची स्टेनलेसची तारदोरी, दोन टोकांना लाकडी मुठी. पुढच्या बाजूचा फोम टाकीच्या कडेखालपर्यंत खणून तारेचा फास खाली सरकवला. मी उजवीकडे, भाऊ डावीकडे, दोघं आळीपाळीने ओढत तार मागे मागे नेली. फोम ओला असल्याने तार तापत नव्हती. कोरडा असता तर पाणी मारत राहिलो असतो. टाकीत त्या सकाळीही नवा ड्राय आइस घातला होता.

तार पाऊण अंतरावर अडकली. जोर लावला तर तुटेल असा आवाज यायला लागला. मागून फास घालून उलट दिशेने कापत आलो, तीही त्याच जागी अडकली. आरसा आणि बोटीबाहेर धरलेल्या दिव्याच्या उजेडात पाहिलं: टाकीखाली आडवी प्लायवूडची पट्टी, तिच्यावर गालिच्याचा तुकडा. टाकी फोमवर आणि या पट्टीवर बसवलेली. गालिचा तारेत गुंडाळला जात होता. हॅकसॉचं पातं कापडात गुंडाळून हातात धरलं आणि बाजूने गालिचा थोडा थोडा कापला. निम्मा दिवस त्या चार बोटं रुंदीच्या पट्टीवर गेला.

त्यानंतर खड्ड्यात पुन्हा पाणी भरलं, या वेळी निचऱ्याच्या भोकाला लाकडी बूच ठोकून. वीतभरही चढलं नव्हतं तेव्हा मागचा कोपरा फुगे सोडत वर आला. आडव्या दांड्याला दोन पट्टे लावून चेन पुलीने उरलेलं काम दोन मिनिटांत झालं.

म्हणजे पाण्याची युक्ती बरोबर होती, वेळ चुकीची होती. आधी तळ कापा, मग पाणी.

३ नोव्हेंबर

टाकी सावलीत उलटी ठेवून बघितली. अडीच मिलिमीटरचा पत्रा. बाजू ठीक. तळावर मागच्या तिसऱ्या भागात, जिथे बोट उभी असताना पाणी साचतं, पांढऱ्या भुकटीचे चट्टे. ते लाकडाच्या तुकड्याने खरवडले की खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. साबणाचं पाणी लावून पंपाने किंचित दाब दिला, बुडबुडे येणाऱ्या जागा खडूने खुणावल्या. सगळ्यात दाट खुणा गालिच्याच्या पट्टीखाली, सरळ रेषेत. पत्र्याला टोचू नये म्हणून ठेवलेल्या गालिच्याने तिथे कायम ओल धरली होती.

मिस्त्रींना विचारलं, वेल्डिंग करून चालेल का? त्यांनी हातात घेऊन एका चट्ट्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. "एक भोक भरलं तर शेजारी दुसरं पडेल. आणि पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग मी करत नाही, पाण्याने भरलेली असली तरी." विषय संपला.

९ नोव्हेंबर

खड्डा. उरलेला फोम खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पाणी गोळा करून, पंखा लावून वाळवला. वाळायला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. लाकडी हातोडीने स्ट्रिंगर ठोकत गेलो. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आतलं प्लायवूड कुजलंय. गालिच्याच्या पट्टीचे स्क्रू जिथे स्ट्रिंगरमध्ये गेले होते तिथे दोन्ही बाजूंना बद्द. त्या भोकांतून पाणी आत शिरलेलं. कुजका भाग कोरून, एपॉक्सीने भरून, वरून ग्लासफायबरचं कापड चढवलं. निचऱ्याचं भोक फोमच्या भुग्याने निम्मं बुजलेलं होतं, ते मोठं केलं आणि त्याची कड एपॉक्सीने बंद केली.

१० नोव्हेंबर

विल्हेवाट. पेट्रोल मुरलेला फोम साध्या कचऱ्यात जात नाही आणि जाळायचा तर मुळीच नाही. पॉलीयुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो. झाकणाच्या पिंपांत भरून घातक कचरा घेणाऱ्यांकडे दिला. सव्वीस तारखेचं पाणीही त्यांनाच. भंगारवाल्याने टाकी घेताना एक अट घातली: मोठं भोक पाडून, आत पाहता येईल अशी द्या. पाण्याने पूर्ण भरून हाताच्या कात्रीने वरचा पत्रा कापून दिला.

खर्चाच्या बाबतीत अंदाज असा की नवी टाकी सर्वांत मोठा आकडा, त्याखालोखाल विल्हेवाट. हे दुसरं आम्ही सुरुवातीच्या यादीत धरलंच नव्हतं. तिसरा क्रमांक नळ्यांचा. टाकी काढल्यावर जुन्या नळ्या परत लावण्यात अर्थ नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या, भरण्याच्या आणि हवेच्या, सगळ्या बदलल्या, ए१-१५ छापलेल्या. त्यातला ए म्हणजे अडीच मिनिटं आगीत टिकणारी, आणि १५ म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त पेट्रोल झिरपू न देणारी.

१६ नोव्हेंबर

नवी टाकी कशाची यावर घरात बरीच चर्चा. पॉलीइथिलीन गंजत नाही, पण पेट्रोल भरल्यावर दोन-तीन टक्के फुगते. आमच्या दोन स्ट्रिंगरांमध्ये तेवढी जागा सोडली तर टाकी फारच लहान होत होती. स्टेनलेसला वेल्डच्या सांध्यात, हवा न पोचणाऱ्या जागी, खाऱ्या पाण्याने बारीक भोकं पडतात, म्हणजे तोच आजार महाग कपड्यांत. पुन्हा ॲल्युमिनियमच घेतलं, ५०५२ मिश्रधातूचा पत्रा, ३ मिलिमीटर. जुन्या टाकीच्या मापावरून न करता रिकाम्या खड्ड्याचा पुठ्ठ्याचा साचा करून मापं दिली, सगळीकडून एक बोट लहान. सगळी तोंडं वरच्या बाजूला. पितळेची जोडणी पत्र्याला थेट न लावता मध्ये स्टेनलेसचं वॉशर.

फोम पुन्हा ओतायचा नाही हे ठरलेलं. टाकी कडक रबरी पट्ट्यांवर, त्या पट्ट्या पॉलीयुरेथेनच्या गोंदाने पूर्ण चिकटवलेल्या म्हणजे त्यांच्याखाली पाणी शिरणार नाही. पट्ट्या लांबीच्या दिशेने, निचऱ्याला आडव्या नाहीत. मधून हवा जाते, पाणी मागे वाहतं. कोपऱ्यांना कोन, स्ट्रिंगरला पक्के.

फोम काढल्याने एक गोष्ट कमी होते: तरंगण्याची राखीव क्षमता. आमचा काढलेला फोम कोरडा असता तर बुडताना शंभरेक किलोपेक्षा जास्त उचल देऊ शकला असता. अमेरिकी नियमांत २० फुटांखालच्या बहुतेक छोट्या बोटींना ही राखीव क्षमता बंधनकारक आहे. आमची त्याहून मोठी आहे, तरीही तेवढ्या आकारमानाचे बंद पेशींचे ठोकळे कडेच्या डेकखाली, टाकीपासून लांब, कोरड्या जागी बांधले. ज्यांची बोट लहान आहे त्यांनी हे सोडू नये.

३० नोव्हेंबर

टाकी बसवली. टाकीला एपॉक्सीचे तीन हात दिले होते, पण तळाला ओरखडा न जाऊ देता खाली उतरवणं नव्या टाकीचं सर्वांत अवघड काम निघालं. जाड पॉलिथिनवरून सरकवून, मग पॉलिथिन ओढून घेतलं. भरण्याच्या पाइपाला दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प, मध्ये कुठे झोळ नाही. डेकवरच्या झाकणापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत अर्थिंग. मीटरने मोजलं, एक ओहमच्या आत. नियमात १०० ओहमपर्यंत चालतं.

सगळ्या नळ्या जोडून ३ पीएसआय, पहाटे, साबणाचं पाणी. भरण्याच्या पाइपाच्या वरच्या क्लॅम्पपाशी बुडबुडे आले. घट्ट केलं, थांबले. काटा स्थिर.

डेकचं झाकण या वेळी पॉलीसल्फाइडने बसवलं. ते सील करतं, पण पट्टी सरकवली की सुटतं.

७ डिसेंबर

पेट्रोल भरलं, बिल्ज कोरडं, वास नाही. गेज मात्र भरलेली टाकी जवळपास पाव दाखवतं आणि रिकामी असताना पूर्ण दाखवत होतं. नवा सेंडर १० ते १८० ओहमचा आला आहे, रिकामा असताना १०. जुनं गेज २४० ते ३३ ओहमचं, त्याच्या लेखी २४० म्हणजे रिकामं. उलटी दिशा आणि वेगळं माप, म्हणून वायर बदलून सुटणार नाही. सेंडर बदलायचा तर मागचं छोटं झाकण पुरेसं आहे, डेकला हात लागत नाही. तो येईपर्यंत टाकीत किती आहे ते लाकडी पट्टी बुडवून बघतोय.